भाडं

रूताबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते दाभोली नाक्यावर.
हातात दीड किलो पेडवे, गाबतीणीने वर्तमानपत्रात बांधून दिलेले,
पाणी सँडलवर गळत होतं.
लिथुआनियाच्या, म्हणाल्या. मी म्हटलं, बरं.
रशियाच्या अलीकडे की पलीकडे, ते विचारायचं राहिलं.

फळ संशोधन केंद्रात दोन वर्षं,
काजूच्या खोडकिड्यावर काम.
साडेआठला उभादांड्यावरून उचलायचं, साडेपाचला सोडायचं.
महिन्याचं भाडं एकदम, पाकिटात,
पाकिटावर माझं नाव त्यांच्या हाताने: सगून.
णचा न झाला होता. मी दुरुस्त केला नाही.

वीज गेली की घड्याळ बघून वहीत लिहायच्या.
सोलकढी चमच्याने प्यायच्या, फुंकर मारून.
‘जरा’ हा शब्द त्यांना कुठे मिळाला कोण जाणे, सोडवेना.
जरा थांबा, जरा मिरची,
एकदा मोचेमाडच्या वळणावर: जरा समुद्र.

शनिवार आला की विचारणार, सगून, आज काय आहे?
वेंगुर्ल्यात शनिवारी काय असणार?
पण बाई शोधून काढायच्या.
देवळाच्या भिंतीवरचं लाल कावीकाम,
ज्याला मी जन्मभर पाठ टेकून बसलेलो.
डबलबारी, दोन बुवा एकमेकांची उतरवताना.
काय म्हणाला, काय म्हणाला, करत माझी बाही ओढायच्या.
मी निम्मं सांगायचो.
वेटिंग लावत नव्हतो. सुरुवातीला बाहेरच रिक्षात झोपायचो.

मी मस्कतला सहा वर्षं होतो.
खोली नंबर अकरा, आठ माणसं, दोन पंखे.
खोली, गोदाम, खोली.
शुक्रवारी कपडे आणि घरी फोन.
मत्र्याचा किल्ला गोदामाच्या दारातून दिसायचा,
संध्याकाळी दिवे लागायचे त्याच्यावर.
वर जायला पायऱ्या किती, मला ठाऊक नाही.
कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं,
तिथे माझं काय काम?

होडावड्याच्या जत्रेला मात्र आत गेलो.
बाईंनी घडीची चटई आणली होती, थर्मास, खाज्याचा पुडा.
संकासुर आला तेव्हा पोरांच्या आधी किंचाळल्या.
बायका हसल्या, सरकून जागा दिली.
तीनच्या सुमारास त्या उठल्या नि सरळ पडद्यामागे.
मी धावलो. आत पेटाऱ्याशेजारी
द्रौपदी बसलेली, निऱ्या गुडघ्यापर्यंत वर,
विडी ओढत, खोट्या केसांखाली खरा घाम.

बाई म्हणाल्या, घर किती लांब?
‘कुडाळाक. अर्ध्या तासाची वाट.
कार्तिकापासून गेलंय नाय.’
बाई म्हणाल्या, मी पण.
मग तो मला न विचारता त्यांनाच म्हणाला,
‘तुमच्या गावात नाटकां असतत?’
असतात, म्हणाल्या. हिवाळ्यात.
कोट बाहेर टांगतात, आपल्याला नंबर मिळतो.
‘नंबर हरवलो तर?’
बाईंनी वर पाहिलं, शब्द शोधला.
मग जरा थंडी.

द्रौपदी एवढी हसली की पखवाजवाल्याने डोकावून पाहिलं.
विडी विझवली, निऱ्या सोडल्या,
आणि पडद्याच्या त्या बाजूला जाऊन
तीच बाई धाय मोकलून रडू लागली.

परतताना उजाडत होतं.
आमच्या पुढे कंपनीचा टेम्पो, मागच्या फळीवर पेटारा
दोरीने बांधलेला, त्यावर कोणाचा तरी पाय.
रूताबाई झोपल्या असं मला वाटलं होतं.
सगून, मस्कतमध्ये नाटक होतं?

असेल, मी म्हटलं,
आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.
चढ नव्हता.